ट्रॅक्टरला जादा फोकस बसवताना: आधी ॲम्पिअरचा हिशेब, मग वायरिंग

मृगाचा दमदार पाऊस पडून गेला की काळ्या रानाला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि आलेला वापसा कुणासाठी थांबत नाही. आभाळ पुन्हा भरून आलं की पेरणी रखडली. म्हणून आमच्या परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात त्या चार दिवसांत ट्रॅक्टर रात्रीचाही उभा राहत नाही. पुढे सोयाबीन काढणीला आलं की मळणी यंत्र रात्री बारापर्यंत चालतं, ढगाळ असलं तर पहाटेपर्यंत. ऊसवाल्यांचं तर सगळं हंगामभर रात्रीवरच. कंपनीनं दिलेल्या दिव्यांत हे काम उरकत नाही, कारण ते दिवे पुढे रस्ता दाखवायला आहेत आणि आपलं काम चालतं मागे, अवजारावर.

जादा फोकस लावायलाच हवेत, यात वाद नाही. पण ते लावायची आपल्याकडची सोपी पद्धत म्हणजे हेडलाइटच्या वायरला जोड मारायचा, पिळून टेप गुंडाळायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्या ट्रॅक्टरवर एका दुकानातून असेच चार हॅलोजन बसवून घेतले होते. पेरणीच्या दुसऱ्याच रात्री, दोनच्या सुमारास, मागे पेरणी यंत्रावर बसलेला सालगडी ओरडला, "मालक, काय तरी जळायलंय!" ट्रॅक्टर थांबवला, डॅशखालचं झाकण काढलं. हेडलाइटच्या स्विचला आलेली वायर स्विचच्या प्लास्टिकला चिकटून बसली होती. तिचं कव्हर विरघळून तपकिरी थेंब झाले होते आणि आतली तांब्याची तार काळी-निळी पडली होती. तिथून डिझेलचा पाइप हातभर अंतरावर. इंजिन बंद केलं, पण पुन्हा सेल्फ उचलेना. सकाळी दुसरा ट्रॅक्टर आणून ओढत चालू केला आणि तोवर अर्ध्या दिवसाचा वापसा गेला.

दिवे खराब नव्हते. हिशेब नव्हता. दोन हेडलाइट ५५ वॅटचे, म्हणजे ११०. चार हॅलोजन ५५ चे, म्हणजे २२०. एकूण ३३० वॅट. १२ व्होल्टनं भागलं की साडेसत्तावीस ॲम्पिअर. हे सगळं अशा एका स्विचमधून जात होतं, जो मुळात फक्त हेडलाइटपुरताच बनवलेला आहे. त्यानं जळायचं नाही तर काय करायचं? म्हणून नव्यानं ट्रॅक्टर घेतलेल्या, पहिल्यांदाच फोकस लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे सगळं पायरीपायरीनं लिहितो आहे. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे ॲम्पिअर, एवढं एक सूत्र आलं तरी पुरेल.

पहिली पायरी: आपला अल्टरनेटर किती देतो ते बघा

बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. बनवतो अल्टरनेटर. त्याच्या अंगावर एक पट्टी किंवा कोरलेला आकडा असतो. फडक्यानं ग्रीस पुसून तो वाचा: १२ व्होल्ट, पुढे ॲम्पिअर. आपल्याकडच्या चाळीस-पन्नास एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टरवर ३६ ॲम्पिअरचा अल्टरनेटर दिसतो, काहींवर जास्तीचा असतो. फार जुन्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर क्षमता त्याहून कमी धरा.

हा आकडा इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असतानाचा आहे. स्लोवर, म्हणजे सात-आठशे आरपीएमला, तोच अल्टरनेटर निम्म्याच्या आसपास देतो. पट्टीवर ३६ आहे म्हणून ३६ खर्चायचे नाहीत. त्यातले पाऊण धरायचे: २७ ॲम्पिअर. पट्टा थोडा सैल असला, आत धूळ बसली, मे महिन्यात उन्हानं अल्टरनेटर तापला, तरी त्या पाऊण भागात निभावतं.

त्याच वेळी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे तेही बघून ठेवा. हल्लीच्या ट्रॅक्टरना निगेटिव्ह बॉडीला असतो. पण एखाद्या फार जुन्या मशिनला उलटं असू शकतं. तिथं एलईडी उलटा जोडला तर पेटणार नाही, कदाचित जळेलही.

दुसरी पायरी: वहीत मांडा

खरंच वही घ्या. मी माझ्या ट्रॅक्टरचा हिशेब सांगतो. हेडलाइट ११० वॅट. पार्किंग, टेल, डॅशचे दिवे मिळून ३० धरले. गाण्यांचा टेप आणि मोबाइलचं चार्जर, ४०. झाले १८० वॅट, म्हणजे १५ ॲम्पिअर. हॉर्न, इंडिकेटर थोडा वेळच वाजतात-लागतात, ते सोडून दिले तरी चालतं. पण सेल्फ मारून रिकामी झालेली बॅटरी परत भरायला ५ ॲम्पिअर राखून ठेवायचेच. १५ आणि ५, वीस झाले. आपल्याकडे आहेत २७. शिल्लक सात.

सात ॲम्पिअर म्हणजे साधारण ८४ वॅट. त्यात १८ वॅटचे चार एलईडी फोकस बसतात: ७२ वॅट, सहा ॲम्पिअर. ५५ वॅटचे दोन हॅलोजनही बसत नाहीत, त्यांना नऊच्या वर लागतात. चार हॅलोजनना अठरा. माझं गणित तिथंच चुकलं होतं. वीस आणि अठरा, अडतीस. अल्टरनेटर पूर्ण वेगात फिरला तरी भागत नव्हतं.

टेपचं जरा वेगळं बोलायला हवं. ज्या पोरांनी मागे मोठा ॲम्प्लिफायर आणि दोन-दोन स्पीकर बसवले आहेत, त्यांनी तो आकडा ४० वॅट लिहून स्वतःची फसवणूक करू नये. ॲम्प्लिफायरच्या फ्यूजवर काय लिहिलं आहे ते बघा. तिथं २० ॲम्पिअरचा फ्यूज असेल तर रात्री काम करताना एक तर गाणी लागतील, नाही तर फोकस.

उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रांगेत उभे राहणारे इंजिन स्लोवर ठेवून सगळे दिवे पेटते ठेवतात. तेव्हा काय होतं ते बघा. समजा दिवे खातात ३३ ॲम्पिअर आणि स्लोवरचा अल्टरनेटर देतो १५. उरलेले १८ बॅटरीतून निघतात. ७५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी दोन तासांत निम्मी उतरते. पहाटे रांग पुढे सरकते आणि सेल्फ नुसता टक-टक करतो.

तिसरी पायरी: दिवा निवडणं

मी स्पष्ट सांगतो, नवीन बसवायचाच असेल तर एलईडीच घ्या. वीज वाचते हे एक कारण झालं. दुसरं कारण मळणीच्या खळ्यावर दिसतं. सोयाबीनचा भुसा उडून प्रत्येक सपाट जागी बसतो, फोकसच्या काचेवरही. हॅलोजन इतका तापतो की त्याच्या काचेला हात लावता येत नाही. वाळलेला भुसा आणि तापलेली काच शेजारी शेजारी, शिवाय बाजूला गंजी उभी. ही जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही. एलईडीसुद्धा मागच्या, उष्णता सोडणाऱ्या पात्यांच्या बाजूनं गरम होतो, तिथला भुसा झटकावा लागतोच, पण हॅलोजनएवढा तो तापत नाही.

बाजारात एलईडीच्या डब्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. डब्यावर ४८ लिहिलेला दिवा मोजला तर निम्मेच वॅट खातो, असं बऱ्याचदा निघतं. दुकानात १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून मल्टिमीटरच्या दहा ॲम्पिअरच्या खाच्यातून मोजून द्यायला सांगा. १८ वॅटचा खरा दिवा दीड ॲम्पिअरच्या आसपास दाखवतो. क्लॅम्प मीटर विकत घेणार असाल तर तो डीसी मोजतो का ते आधी विचारा. स्वस्तातले बरेचसे फक्त घरची एसी मोजतात आणि ट्रॅक्टरवर शून्य दाखवतात.

प्रकाश पसरणारा हवा की लांब टाकणारा? अवजारासाठी पसरणारा. लांब टाकणारा फोकस मागे लावला तर एकच चट्टा उजळतो आणि बाजूची फणं अंधारात राहतात. रंगात मिळालाच तर थोडा पिवळसर घ्या. धुळीत पांढराशुभ्र प्रकाश डोळ्यांवर परततो, आणि पावसाळ्यात पाखरंही पांढऱ्यावरच जास्त झेपावतात. पाण्या-धुळीसाठी आयपी ६७ लिहिलेला बघा.

चौथी पायरी: सामान

मोंढ्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हे सगळं मिळतं. १२ व्होल्टचा ३० किंवा ४० ॲम्पिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सॉकेटसकट. झाकणाचा फ्यूज होल्डर आणि ब्लेड फ्यूज. गाडीची मल्टिस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांची वायर: बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून मागच्या जोडापर्यंत अडीचची (चौरस मिलिमीटर), तिथून प्रत्येक दिव्याला दीडची, स्विचला एकची. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), श्रिंक स्लीव्ह (गरम केली की जोडावर आवळणारी नळी), काळा फ्लेक्सिबल पाइप, ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायचं रबरी कडं), केबल टाय, एक चांगला स्विच. घरच्या वायरिंगची एका जाड तारेची वायर घरी पडून असते म्हणून वापरू नका. ट्रॅक्टरच्या थरथराटानं ती आतून तुटते, आणि बाहेरून दिसतही नाही.

वायर जाड का? सहा ॲम्पिअर, जायला चार मीटर आणि यायला चार मीटर. पाऊणच्या बारीक वायरीत सव्वा व्होल्ट वाटेतच मरतो, अडीचच्या वायरीत चारदशांशापेक्षाही कमी. तो मेलेला व्होल्ट वायर तापवण्यात जातो, रानात उजेड म्हणून पडत नाही.

फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. हे नीट ध्यानात घ्या, कारण आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकायची सवय आहे, काही जण तर सिगारेटची चांदी गुंडाळतात. मग फ्यूजचं काम वायर करते, म्हणजे वायर जळते. सहा ॲम्पिअरच्या लोडला १० चा फ्यूज, लाल रंगाचा. १५ चा निळा असतो, २० चा पिवळा. लाल उडाला तर निळा टाकायचा नाही, का उडाला ते शोधायचं.

पाचवी पायरी: जोडणी

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तोच पहिला का? कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीवर हायड्रोजन वायू असू शकतो. परत लावताना निगेटिव्ह शेवटी. फोकससाठी पट्टी वेल्डिंग करून घेणार असाल तर त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी सोडवा. नाही तर वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि डायोड जातात. वॉरंटीतला नवा ट्रॅक्टर असेल तर मूळ हार्नेसची, म्हणजे कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्याची, एकही वायर कापू नका आणि डीलरला आधी विचारून घ्या.

रिले म्हणजे पाटाचं दार समजा. स्विचमधून येणारा अगदी थोडा करंट दार उघडतो, आणि पाणी वाहतं ते थेट बॅटरीतून फोकसकडे. स्विचमधून मोठा करंट जातच नाही, म्हणून तो जळत नाही. रिलेच्या पायांवर बारीक आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीच्या पॉझिटिव्हची अडीचची वायर. ८७ मधून फोकसची वायर. ८६ ला स्विचकडून येणारी, ८५ ला बॉडी अर्थ. पाच पायांचा रिले असेल तर मधल्या ८७ए ला काहीही जोडायचं नाही. तो पाय रिले बंद असताना चालू असतो, तिथं चुकून फोकस जोडला तर स्विच बंद केल्यावर पेटेल.

फ्यूज होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच बसवा. तिथून पुढे वायर कुठंही घासली, कापली गेली, तर फ्यूज उडेल. फ्यूज दूर, रिलेपाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते.

स्विचला वीज चावीच्या लाइनवरून घ्या, ज्या लाइनला आधीपासून फ्यूज आहे अशा ठिकाणाहून. चावी काढली की फोकस आपोआप बंद. थकून घरी आल्यावर मागचा फोकस चालू राहिला आणि सकाळी बॅटरी उतरली, हे मग घडत नाही.

अर्थिंग हा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. जिथं थिंबल बसणार तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड काढा, थिंबल आवळा आणि वरून ग्रीस लावा, म्हणजे गंज चढणार नाही. मडगार्डवर अर्थ देऊ नका. मडगार्ड रबराच्या वॉशरवर, गंजलेल्या बोल्टवर बसलेलं असतं. मागच्या दिव्यांचा अर्थ सरळ चेसिसला किंवा काळ्या अडीचच्या वायरीनं बॅटरीच्या निगेटिव्हला आणा.

सहावी पायरी: वायर कुठून न्यायची

सायलेन्सरपासून आणि इंजिनच्या गरम भागांपासून लांब. डिझेलच्या पाइपला केबल टाय मारून वायर बांधू नका, ती जागा फार सोयीची दिसते तरीही. हायड्रॉलिकचा लिव्हर, क्लचचा पेडल, लिफ्टच्या भुजा हलताना वायर ओढली जात नाही ना ते प्रत्येक भाग हलवून बघा. पत्र्याच्या भोकातून जाताना ग्रोमेट घाला, नाही तर पत्र्याची धार दोन महिन्यांत वायर कापते. सगळी वायर फ्लेक्सिबल पाइपात घाला आणि दर वीतभरावर टाय मारा. दिव्यापाशी वायरीला खाली एक झोळ सोडा, म्हणजे धुताना आणि पावसात पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, दिव्यात शिरणार नाही.

आणि उंदीर. शेतातल्या आखाड्यावर भुसा आणि ट्रॅक्टर एकाच छपराखाली असतील तर उंदीर बोनटमध्ये घर करतातच. मागच्या दिवाळीत मला एका वायरीचं दोन बोटं कव्हर खाल्लेलं सापडलं, तार अगदी स्वच्छ सोललेली, जणू मुद्दाम पक्कडनं सोलली आहे. पाइपाची दोन्ही टोकं टेपनं बंद केली की ते जरा कमी होतं. पण पंधरा दिवसांतून एकदा बोनट उघडून टॉर्चच्या उजेडात बघण्याला पर्याय नाही.

सातवी पायरी: तपासणी

हे घाईत सोडू नका, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद, सगळं बंद: रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी. इंजिन चालू करा, १५०० आरपीएम, दिवे बंद: १३.८ ते १४.४. आता हेडलाइट, सगळे फोकस, टेप, जे जे रात्री चालणार ते सगळं लावा. तरीही १३.५ च्या खाली जायला नको. हळूहळू १२.६ कडे सरकत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही. एक फोकस कमी करा, नाही तर हेडलाइटचे बल्ब जास्त वॅटचे नाहीत ना ते बघा.

मग दिवे पेटते ठेवूनच मीटर बॅटरीवर आणि मागच्या फोकसच्या पिनांवर लावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठला तरी जोड कच्चा आहे, बहुतेक अर्थच. पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून फ्यूज होल्डर, रिले, प्रत्येक थिंबल बोटानं चाचपा. रिले कोमट असणं चालतं. एखादं थिंबल हात ठेववत नाही इतकं गरम असेल तर ते सैल आहे.

डॅशवर जुन्या पद्धतीचा ॲम्पिअर मीटर असेल तर एक लक्षात ठेवा. फोकस थेट बॅटरीवरून जोडले की त्यांच्याकडे जाणारा करंट हा मीटर चार्जिंग म्हणून दाखवतो. काटा चार्जिंगकडे झुकला म्हणजे बॅटरी भरते आहे असं समजू नका, व्होल्ट मोजा.

दिवे कुठं रोखायचे

चारपैकी दोन मागे, पेरणी यंत्राच्या नळ्यांवर. रात्रीच्या पेरणीत खरं नुकसान तिथं होतं. ओल्या मातीनं एक नळी चोंदते, बी पडत नाही, आणि पंधरा दिवसांनी रिकामं तास दिसतं तेव्हा दुबार पेरायलाही उशीर झालेला असतो. फोकस मडगार्डच्या वर, जरा आत वळवून असे लावा की चालकाचं डोकं वळलं की प्रत्येक नळीचं तोंड दिसेल, आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांत प्रकाश जाणार नाही. उरलेले दोन पुढच्या बाजूला चाकांसमोर, खाली रोखलेले. धुरा आणि नाला वेळेत दिसला पाहिजे.

मागचे आणि पुढचे फोकस वेगळ्या स्विचवर ठेवले, प्रत्येकाचा रिले वेगळा घेतला, तर फार बरं. मळणीला फक्त मागचे लागतात. शिवाय डांबरीला आलं की मागचे पांढरे फोकस बंद करावेच लागतात. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तो ट्रॅक्टर समोरून येतोय असं वाटतं, आणि ट्रॉलीवर आदळणारे अपघात आपण बघतोच आहोत. पुढच्या बाजूला स्पॉटलाइट, म्हणजे लांब झोत टाकणारा फोकस, खास परवानगीशिवाय लावायलाही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बंदी आहे. जादा फोकस शेतापुरतेच पेटवायचे. ट्रॉलीला मागे लाल रेडियम आणि चालू टेल लाइट, हे या फोकसच्या आधी.

शेवटी फ्यूजच्या झाकणावर ऑइल पेंटनं लिहून ठेवा: "मागचे फोकस, १० ॲम्पिअर, लाल". आणि दोन लाल फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूल बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता रानात फ्यूज उडाला तर ज्याच्या हातात स्टिअरिंग असेल, सालगडी असो की पोरगं, त्याला कुणाला फोन न करता ते सापडले पाहिजेत.